उधारीवर साठ खुर्च्या

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
साठ खुर्च्या पोचवायच्या असतात.
लाल, हात नसलेल्या.
हातवाल्या लग्नाला जातात, त्यांचं भाडं जास्त.

सोसायटीचं नाव मोठं,
माझ्या पावतीवर दोन ओळी खातं.
सभासद तेवीस.
सचिव रोझारियो साहेब, रिटायर्ड ड्रायव्हर,
तीस वर्षं इटारसीपर्यंत मालगाडी नेली,
आता गिटार मांडीवर आडवी घेऊन
तिच्या तारांवरून फुटक्या बाटलीची मान फिरवतात.
खजिनदार कुमुदताई गजघाटे, विम्याचं काम करतात,
ड्रमवर त्यांचाच भाचा.
गाणारा प्रल्हाद उके.
बाप मिलमध्ये होता. मिल बंद पडली
तेव्हा प्रल्हाद सहावीत.

पहिल्या खेपेला मी विचारलं होतं,
"साहेब, हे ब्लूज म्हणजे काय असते जी?"
"उधारी थकली का रात्री जे वाटते ना तुम्हाले,
ते. पण तालात."
मी म्हटलं, मग मी जुनाच सभासद आहो.

एकच ओळ दोनदा म्हणतात हे लोक.
मला आधी वाटलं, विसरतात.
मग कळलं, पहिल्यांदा आपल्याला सांगतात,
दुसऱ्यांदा स्वतःला.
तिसरी ओळ मात्र वेगळी. ती यावी लागते.

मे महिना होता. सेहेचाळीस.
रात्री नऊलाही भिंतींना ताप.
हॉलमध्ये एक कुलर, नवी ताटी लावलेला,
साहेब गिटार त्याच्या घुमण्याशी जुळवून घेत.
"कुलर खोटं बोलत नाही," म्हणत.
माणसं आली सतरा.
त्रेचाळीस खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या गाण्यात लाइन गेली.
कुलरचा पंखा हळूहळू
सूर खाली सोडत गेला,
आणि साहेबांची बाटली त्याच्या मागोमाग
उतरत राहिली,
ब्रेक धरून इंजिन ढाळावरून उतरावं तशी.
स्पीकर मेले.
प्रल्हाद थांबला नाही.
गाणं इंग्रजीत सुरू झालं होतं.
अंधारात ते कुठं वळलं, त्यालाही सांगता येणार नाही.

भोंगा वाजत नाही, बाप डबा घेऊन उभा,
भोंगा वाजत नाही, बाप डबा घेऊन उभा,

आणि तिसरी ओळ येईना.
भाचा मांडीवर ताल धरून बसला.
तेवढ्यात यार्डातून एक हॉर्न आला,
लांब, मग आखूड.
साहेब अंधारातच बोलले,
"कोळसा आहे. खापरखेड्याले चालला.
म्हणजे येईल लाइन."

लोक हसले. प्रल्हादही हसला,
आणि हसता हसता त्याला ती सापडली.
काय होती, विचारू नका.
मी त्या वेळी दुसऱ्याच गोष्टीत होतो:
मी बसलो होतो.

बावीस वर्षांच्या बिछायतीत
स्वतःच्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो.
शेवंताच्या तेरवीलाही
दाराशी उभा राहून मोजत होतो.
साठ लावल्या होत्या,
अठ्ठावन्न परत आल्या,
आणि त्या दोन खुर्च्यांवरून
मी आठ दिवस शेजाऱ्यांशी भांडलो.
रडायचं होतं ते तिथं खर्च झालं.

लाइन आली. कुलर पुन्हा आपल्या सुरावर चढला.
कुमुदताई वही घेऊन आल्या,
"दादा, मार्चचंही राहिलंच आहे..."
"ते राहू द्या. आज माणसं किती लिहिली?"
"सतरा."
"अठरा लिहा. तिकीट भाड्यातून कापा."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
आणि खरंच कापले. शंभर रुपये.
हिशेबाची बाई.

साडेअकराला टेम्पो भरला.
एकात एक, एकात एक,
प्लास्टिकवर प्लास्टिक आपटत होतं
आणि माझा पाय कुठल्याशा तालावर.

साठ मोजल्या.
साठ मोजल्या.
एक उचलताना जड लागली.